ताईंचा स्वभाव कसा आहे?

‘बाई उमेदवार असली की मतं कमी पडतात का हो?’ पालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की हा प्रश्न मला हमखास येतो. वीसेक वर्षं मतदारयाद्या घेऊन मी लोकांचे जिने चढले आहे, म्हणून उत्तर माझ्याकडे असणार असं सगळे धरून चालतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: जिन्यावर पोचेपर्यंत बरंचसं ठरून गेलेलं असतं.

ते ठरतं इच्छुकांच्या मुलाखतींत. तिथे ‘इलेक्टिव्ह मेरिट’, म्हणजे निवडून येण्याची क्षमता, हा शब्द फिरतो. माझी एक मैत्रीण महिला आरक्षित वॉर्डातून नगरसेविका झाली होती. पुढच्या खेपेस आरक्षण उठलं, तिने त्याच वॉर्डातून तिकीट मागितलं. तिच्या आधीच्या इच्छुकाला विचारलं, बूथला माणसं किती? तिला विचारलं, ‘ताई, घरच्यांचा पाठिंबा आहे ना?’ तिने गटारांच्या कामांचे आकडे पुढे ठेवले, दोनदा मध्येच तोडल्यावर ‘मला पूर्ण बोलू द्या’ म्हणाली. बाहेर शेरा आला: काम चांगलं आहे, पण बाई फार तोडून बोलते. तिकीट ज्याला मिळालं त्याने इंजिनिअरच्या टेबलावर फाइल आपटली होती. तो रोखठोक.

म्हणजे बाईने गोडच बोलावं का? मृणाल गोरे गोड बोलून निवडून आल्या नव्हत्या. गोरेगावातल्या नळांसाठी भांडल्या, महागाईविरुद्ध लाटणी घेतलेल्या बायका रस्त्यावर उतरवल्या. 1977 साली त्या लोकसभेला उभ्या होत्या तेव्हा घोषणा होती, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी. दोन्हीकडे बाईच! मला त्यातलं ‘पाणीवाली बाई’ फार आवडतं. नातं नाही, नुसतं काम.

नाहीतर आपल्याकडे बाईला राजकारणात शिरायला आधी कुणाची तरी ताई, वहिनी नाहीतर काकी व्हावं लागतं. पुरुषही दादा-भाऊ होतात, कबूल. पण दादापासून दादागिरी निघाली. ताईपासून असा कुठलाच शब्द निघालेला नाही. गोव्यात शशिकला काकोडकरही ताईच होत्या. 1973 मध्ये वडील, तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, गेल्यावर त्या मुख्यमंत्री झाल्या आणि 1979 पर्यंत राहिल्या. बापाची पुण्याई म्हणणारे म्हणोत, मुलगेही तीच वापरतात. महाराष्ट्राला 1960 पासून तेवढंही जमलेलं नाही. 2024 मध्ये विधानसभेच्या 288 जागांवर 21 बायका निवडून आल्या.

मतदार अगदी निर्मळ आहे असं नाही. पश्चिम बंगालमध्ये अभ्यासकांनी गावच्या पुढाऱ्याचं एकच भाषण कुठे पुरुषाच्या, कुठे बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे प्रधानपद (आपल्याकडचं सरपंचपद) बायकांसाठी कधीच राखीव नव्हतं, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे बाईचा कारभार पाहून झाला होता तिथे हा फरक राहिला नव्हता. आणि मुंबईचाच दाखला घ्या. 1997 मध्ये जे वॉर्ड बायकांसाठी राखीव होते, ते 2002 मध्ये खुले झाल्यावर तिथे बाई निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. एकदा निवडून आलेल्या बायका पुन्हा उभ्या राहिल्या, आणि बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळलं. मुलाखत घेणाऱ्या कमिटीने हे वाचलेलं नसतं.

दारात मात्र मला वेगळंच ऐकू येतं. ‘पाणी कधी येणार’ हे बाई-पुरुष दोन्ही उमेदवारांना विचारतात. ‘ताईंचा स्वभाव कसा आहे?’ हे फक्त बाईबद्दल, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायका. मी दर वेळी ‘खूप मनमिळाऊ आहेत हो’ म्हणते. दादांबद्दल असं सर्टिफिकेट मला कधी द्यावं लागलं नाही.

मैत्रीण त्या वेळी अपक्ष उभी राहिली. बॅनरच्या फोटोसाठी स्टुडिओत गेलो, तर मीच म्हटलं, ‘अगं, जरा हास ना. फार कडक दिसतेस.’ ती हसली. चौकात आमचा बॅनर लागला तो नेमका त्या रोखठोक उमेदवाराच्या शेजारी. तो हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या घालून उभा होता.