एम १२ टिपिकल

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी ड्रॉइंग करते. त्या दिवशी सेव-उसळीचा पहिला घास तोंडात जातोय तोच खालून निरोप आला, "ताई, काका बोलावतायत."

काका म्हणजे आमचे फिटर. जिगची, म्हणजे काम करताना भाग नेमक्या जागी धरणाऱ्या साच्याची, प्लेट व्हाइसवर होती. त्यांनी १२ मिलिमीटरची डॉवेल पिन, म्हणजे दोन प्लेटा नेमक्या जागी बसवणारी गुळगुळीत खुंटी, भोकावर ठेवली. ती आत जाईना. आत लख्ख आटे!

"तूच लिहिलंयस ना, टिपिकल?"

प्लेटला ६ भोकं. ४ स्क्रूची, २ डॉवेलची. एका भोकाला बाण लावून मी 'एम १२ टीवायपी' लिहिलं होतं. एम १२ म्हणजे १२ मिलिमीटरच्या स्क्रूचे आटे, टीवायपी म्हणजे टिपिकल. ड्रॉइंगमध्ये टिपिकल म्हणजे 'टिपिकल सासू'मधलं टिपिकल नव्हे. एकदा दिलेलं माप तसल्या सगळ्या जागांना लागू, एवढाच अर्थ. पण 'तसल्या' कुठल्या, हे ठरवायचं कुणी? मी मनात ठरवलं होतं. काकांना माझं मन कुठून दिसणार!

आटे असलेल्या भोकाला बाहेरून बारीक रेषेचं पाऊण वर्तुळ काढतात. मीही काढलं होतं. झेरॉक्सने नेमक्या त्याच बारीक रेषा खाल्ल्या, आणि सहाही भोकं जुळी भावंडं झाली. डॉवेलचं 'व्यास १२ एच ७' (एच ७ ही भोकाचं माप किती वाढलेलं चालेल त्याची खूण) होतं दुसऱ्या शीटवर, सेक्शनमध्ये, म्हणजे कापून दाखवलेल्या चित्रात. ती शीट माझ्याच टेबलावर, उसळीच्या वाटीखाली.

काकांनी १०.२चं ड्रिल घालून सहाही भोकांना टॅप मारला होता, म्हणजे आटे पाडले होते. चूक त्यांची म्हणायला माझी जीभ रेटेना.

"११.८ करून १२चा रीमर मारू या?" मी विचारलं. रीमर म्हणजे भोक नेमक्या मापाचं नि गुळगुळीत करणारं हत्यार.

"आट्यांच्या बुडाच्या रेषा राहतील. डॉवेलला भिंत साफ लागते, बाई."

शेवटी ही प्लेट आणि तिच्या जोडीची प्लेट एकत्र आवळल्या, १३.८चं ड्रिल, मग १४चा रीमर. एच ७ म्हणजे १४च्या वर फार तर १८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १८ हजारांश. काका पिन बोटाने दाबत आत सरकवत होते, तेव्हा मी श्वास रोखून उभी.

संध्याकाळी ड्रॉइंग सुधारलं. टिपिकल खोडून '४ एक्स एम १२' आणि '२ एक्स व्यास १४ एच ७' लिहिलं. अमेरिकेच्या एएसएमई वाय १४.५ या ड्रॉइंगच्या मानकात असाच जागांचा आकडा देतात. तो मोजताना ड्रॉइंग करणाऱ्यालाही भोकं पुन्हा एकदा बघावी लागतात.

त्या जिगवर डॉवेल आजही १४चेच आहेत. नवीन पोरं विचारतात, स्क्रू १२चे नि डॉवेल १४चे, असं का? काका माझ्याकडे बोट दाखवतात.