यांजकडून सप्रेम

रविवारी दुपारी छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटच्या जुन्या बाजारात ताडपत्रीवर एक पितळी बगुणं पालथं पडलेलं दिसलं. पालथं भांडं दिसलं की उचलून बघायची मला खोड आहे. भाव विचारायचा नसतो, वजनही अजमावायचं नसतं. काठाखाली नाव आहे का, तेवढं बघायचं. होतं. 'चि. सौ. कां.' एवढं ठळक, पुढे मुलीचं नाव घासून घासून गेलेलं, मग 'हिस मामाकडून', आणि शेवटी लग्नाचं साल. सालातला शेवटचा आकडा नेमका पोच्यात गेलेला.

"लेना है क्या साब?" दुकानदारानं विचारलं.

"बघतो."

"देखो, देखो. देखने का कायका पैसा," तो म्हणाला. असता तर बरं झालं असतं, असा त्याचा चेहरा होता.

या बाजारात मी काही घ्यायला जातो, असं आमच्या घरात कुणी मानत नाही. बायको तर पिशवीही देत नाही. जाताना "लोखंडाचं काही आणू नका" एवढंच सांगते, कारण मागे एक अडकित्ता आणला होता आणि आमच्या घरात सुपारी कुणी खात नाही. पण जुन्या बाजारात गरज घेऊन जाणाऱ्या माणसाला काही सापडत नाही, हे माझं ठाम मत आहे. नळाचा पाना शोधायला गेलात तर घोड्याची रिकीब मिळेल.

हल्ली मात्र तिथे ठरवून येणारे वाढलेत. बायपासला वाड्यासारखी हॉटेलं निघालीत ना, त्यांना सगळं जुनं हवं असतं. जातं दारात, सायकल भिंतीवर, आणि कंदील तर टेबलागणिक. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असला तर विकणारा आधी तो आपल्या मागे लपवतो आणि मग दाखवतो. काच तडकलेली असली तरी गिऱ्हाईक कुरकुरत नाही, आत बल्बच लावायचा असतो. आमच्याकडे संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसायचं काम पोरांकडे असायचं, कारण पोरांचाच हात आत जायचा. फुटली की मार. त्या काचेची कुणी फिकीर करत नाही हे बघून मला उगाच त्या माराची भरपाई मागावीशी वाटते.

परवा एक जोडपं मापांचा अख्खा संच घेत होतं. पायली, अडशेरी, शेर, मापटं, चिपटं, एकात एक बसणारी. "याच्यात मनीप्लँट मस्त दिसेल," ती मुलगी म्हणाली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली हे मला अजून झोपेतही म्हणता येतं. खळ्यात ज्वारी मोजताना आजोबा पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणाले नाहीत. 'लाभ' म्हणायचे, आणि मग दोन, तीन. त्या मुलीला हे सांगावंसं वाटलं, पण मग वाटलं, कशाला. दुष्काळी मुलखातल्या त्या मापांनी जन्मभर कोरडं धान्यच पाहिलंय, आता पाणी तरी मिळेल.

पुढच्या पथारीवर नाणी. भोकाचा पैसा असतो, कमळाचे पिवळे वीस पैसे असतात (त्यात सोनं आहे म्हणून आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी डबाभर साठवले होते), आणि निजामाचा हाली शिक्का असतो. चारमिनारच्या मधल्या कमानीत उस्मान अली खानाच्या नावाचा 'ऐन' कोरलेला. दुकानदार भिंग देतो आणि नखानं ते अक्षर दाखवतो. अक्षर स्वच्छ असलं की भाव चढतो. आजोबांच्या बोलण्यात हाली आणि कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया, ही जोडी मरेपर्यंत टिकली. सात हालीचे सहा कलदार. निजामाचं राज्य १९४८ च्या सप्टेंबरात गेलं तरी हाली चलनात राहिला १९५९ पर्यंत, आणि आजोबांच्या डोक्यात त्याहून पुष्कळ पुढे. जुना व्यवहार सांगताना कुणी म्हणालं, दोनशेला बैल घेतला, की हे मध्येच विचारायचे, "हालीत का कलदारात?" बैल मेल्याला तीस वर्षं झालेली असायची.

तर निजामाच्या नावाचं नाण्यावर एकच अक्षर, त्यानं भाव चढतो. मामाचं नाव बगुण्यावर असलं तर उतरतो. "नाम का माल कोई नहीं लेता," बगुणेवाला म्हणाला. "बोलो तो बफ मारके देता. एकदम साफ. पता भी नहीं चलेगा."

नाव घालायची पद्धत कुठून आली ठाऊक नाही, पण तिच्यामागे प्रेमाइतकाच अविश्वास होता, याबद्दल मला शंका नाही. आहेरात आलेलं भांडं पुढच्या लग्नात दुसऱ्याला खपवता येऊ नये, हा एक हेतू. दुसरा पंगतीचा. गावात कार्य निघालं की भावकीतल्या सगळ्या घरांतून पराती, घागरी, बगुणी, वगराळी गोळा व्हायची. मांडव उतरला की अंगणात घासलेल्या भांड्यांचा ढीग, आणि सगळ्या घरांच्या बाया भोवती उभ्या. मी नुकताच वाचायला लागलो होतो, म्हणून मला ढिगाशी बसवायचे. "वाच रे."

मी वाचायचो. जुन्या भांड्यांवरची अक्षरं छिन्नीनं ठिपके ठोकून काढलेली असत, बोट फिरवलं तरी लागायची. नंतरच्यांवर मशीननं गिरमिटलेली, बारीक आणि तिरकी. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं. ती भांड्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारायची आणि मी नाव वाचायच्या आत सांगायची, "हे खालच्या आळीचं." मग मी वाचायचो, आणि ते खालच्या आळीचंच निघायचं. एकदा एका तांब्यावरून दोन जावांत जुंपली. दोघींच्या माहेरचं आडनाव एक, सालही एकच. सगळ्या आजीकडे बघू लागल्या. तिनं टिचकी मारली, पुन्हा मारली, आणि तांब्या आमच्या घरात ठेवून घेतला. निकाल लागेपर्यंत म्हणून. तो अजून आमच्याकडेच आहे.

बाजारातलं हे भांडं उचललं की मी तसाच एकेक माणूस उभा करत बसतो. मामाकडून म्हणजे बाप नसेल का? की बाप असेल आणि मामा हौशी? बगुणं चांगलं जड आहे, म्हणजे त्या वर्षी मामाचा कापूस बरा झाला असणार. भांड्याच्या बुडाशी कल्हईचा थर दिसतो, म्हणजे बाईनं ते माळ्यावर ठेवलं नाही, वापरलं. मग ती गेली, मुलं इथे सिडकोत फ्लॅटमध्ये आली, गावचा वाडा पाडला, आणि पितळ मोडीत. कुणाला बोल लावावा असंही त्यात काही नाही. गॅसच्या शेगडीवर ते बगुणं बसत नाही, कल्हईवाला मिळत नाही, आणि हल्लीच्या आहेरात पाकीट असतं, त्यावर नाव असतं, पण पाकीट कुणी कल्हई करून ठेवत नाही.

माझी आत्या उमरग्याकडची. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप, आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. दगडामातीच्या जाड भिंती, उन्हाळ्यात गार म्हणून कौतुक असलेल्या, त्याच बसल्या. आत्या वाचली, लहानगा आतेभाऊ वाचला. घरातली बाकीची माणसं गेली. त्यांच्याबद्दल आत्या कधी बोलली नाही आणि मीही इथे लिहीत नाही. भांडी ढिगाखाली गेली. निघाली त्यांतली बरीच चेपलेली, आणि ज्यांच्यावर नाव होतं त्यांतल्या कितींचे मालक उरले नव्हते.

मग मदत आली. देशभरातून ट्रक येत होते. कपडे, धान्य, घोंगड्या, भांडी. बरीच भांडी नवीकोरी होती, पण काही लोकांनी आपल्या घरातलीच काढून दिलेली. आत्याच्या वाट्याला एक पातेलं आलं, त्यावर कुणा बाईचं नाव आणि खाली 'यांजकडून सप्रेम, वास्तुशांतीनिमित्त'. पत्र्याच्या शेडमध्ये त्या पातेल्यात आत्यानं वरण शिजवलं. पुढे पुनर्वसनाच्या गावात घर मिळालं, स्टीलची भांडी आली, तरी ते पातेलं चुलीवरून हललं नाही. कुणी विचारलं तर आत्या त्या नावाच्या बाईचा उल्लेख नणंदेसारखा करायची. "आमच्या ताईंनी दिलंय." ताईंना मूलबाळ काय, त्यांचं घर ते कुठलं, वास्तुशांत झालेल्या घरातून पातेलं बाहेर का पडलं, याच्या तिच्यापाशी चार-पाच कथा होत्या आणि दरवेळी वेगळ्या.

आतेभावाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकांवर नावं घालायला मला बोलावलं होतं. भावकी झाली, सोयरे झाले, गावातले झाले. आत्या म्हणाली, एक ताईंची लिही. मी नाव लिहिलं आणि पत्ता विचारला. आत्या चुलीपाशी गेली, पातेलं आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "बघ की, कुठं तरी असंल."

मी काठावरून, बुडाखालून, आतूनसुद्धा बघितलं. नाव होतं, गाव नव्हतं. ती पत्रिका द्यायची राहिली.