उताराची जमीन आणि तिचे त्रिकोण

शनिवार, रात्र

दादर-माटुंग्याच्या सपाट प्लॉटवर संगणकावर जमिनीचं मॉडेल कसंही केलं तरी खपून जातं. मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालचा उताराचा प्लॉट आला की मॉडेल करायचं तेच सॉफ्टवेअर छळायला लागतं. दुखणं एकच आहे: आर्किटेक्टच्या बहुतेक सॉफ्टवेअरना जमिनीतले बिंदू कळतात, रेषा कळत नाहीत.

सर्व्हेयरच्या कंटूर (समान उंचीच्या रेषांच्या) नकाशात आपल्याला डोंगराची सोंड दिसते, घळ दिसते. प्रोग्रॅम मात्र त्या रेषांवरचे शिरोबिंदू उचलतो, रेषा टाकून देतो आणि जवळच्या तीन-तीन बिंदूंचे त्रिकोण विणतो. कंटूर जिथे झटकन वळतो तिथे तिन्ही बिंदू एकाच कंटूरवरचे सापडतात. तिघांची उंची सारखी, म्हणून त्रिकोण आडवा. सोंडेला पायऱ्या पडतात आणि घळीचा तळ थाळीसारखा होतो. कंटूर दर १ मीटर उंचीला असतील तर सोंडेचा माथा जवळजवळ मीटरभर छाटला जाऊ शकतो. पावसाचं पाणी कुठून वाहणार हे ठरवायला असं मॉडेल निरुपयोगी!

सिव्हिल थ्रीडी या इंजिनिअरांच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेकलाइन, म्हणजे त्रिकोणांनी ओलांडायची नाही अशी रेषा, टाकता येते, त्रिकोणाची चुकीची कड उलटवताही येते. आर्किटेक्टच्या ज्या हत्यारात ही सोय नाही, तिथे सोंडेच्या माथ्यावरून आणि घळीच्या तळातून दर ३ ते ५ मीटरवर स्पॉट लेव्हल (एकेका बिंदूची उंची) हाताने घालाव्या लागतात. रेव्हिट या आर्किटेक्टच्या सॉफ्टवेअरच्या २०२४ च्या आवृत्तीत टोपोसरफेस या नुसत्या पृष्ठभागाच्या जागी टोपोसॉलिड आलं. जमिनीला जाडी आली, मुरूम-खडकाचे थर दाखवता येऊ लागले, हे मनापासून आवडलं. पण पृष्ठभाग अजून बिंदूंवरच बेतलेला आहे.

रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, हा तर वेगळाच ताप. एका जागी एकच उंची, हा या पृष्ठभागाचा नियम. भिंतीचा माथा आणि पायथा नकाशावर एकाच रेषेत येतात, त्यामुळे दोन्ही ओळींचे बिंदू दिले की एक ओळ नाकारली जाते किंवा कडेला करवतीसारखे दाते येतात. पायथ्याची ओळ २५ मिलिमीटर पुढे सरकवली की काम होतं. मात्र नंतर बिंदू विरळ करण्याची आज्ञा दिली तर याच जोडीतला एखादा बिंदू उडतो आणि उभ्या भिंतीच्या जागी घसरगुंडी दिसते. म्हणून आधी कंटूरचे बिंदू विरळ करायचे, भिंतीचे मागाहून घालायचे. हा क्रम कोणत्याही मेनूत लिहिलेला नसतो.

फाइल आत घेतानाच्या चुका रोजच्याच. नकाशाच्या फाइलमध्ये कंटूरच्या रेषेची (पोलीलाइनची) उंची शून्य आणि आकडा नुसता शेजारी मजकूर म्हणून लिहिलेला, हे अगदी नेहमीचं. सर्व्हेची सीएसव्ही (बिंदूंच्या आकड्यांची फाइल) बहुधा बिंदू क्रमांक, नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर), ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), उंची अशी येते. रेव्हिटला एक्स, वाय, झेड, म्हणजे ईस्टिंग, नॉर्दिंग, उंची हवं. क्रमांकाचा रकाना काढला पण नॉर्दिंग-ईस्टिंगची अदलाबदल केली नाही, तर प्लॉट आरशातल्यासारखा उलटा होतो. चौकोनी प्लॉटवर ते चटकन लक्षातही येत नाही.

यूटीएम या मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या जागतिक पद्धतीत मुंबई ४३ उत्तर पट्ट्यात येते. मुलुंडचं नॉर्दिंग सुमारे २१.२ लाख मीटर. पडद्यावरचं चित्र ३२ बिटांच्या आकड्यांत काढलं जात असेल, तर शून्यापासून एवढ्या दूर दोन शेजारच्या किमतींत २५ सेंटिमीटरचं अंतर पडतं. रेषा थरथरतात, कोपरे जुळत नाहीत ते यामुळे. प्लॉटचा एक कोपरा शून्याजवळ आणून मूळ आकडे शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये (रेव्हिटमधल्या खऱ्या जागेच्या नोंदीत) जपावेत.

उंचीचा शून्य कुठला, हेही आधी विचारावं. पालिकेच्या कागदांत टाउन हॉल डेटम (टीएचडी) हा उंचीचा वेगळा शून्य असतो. सखल प्लॉटची भरणी ९२ फूट टीएचडीपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा ६ इंच वर, यांपैकी जे जास्त तिथवर, ही आयओडीतली (पालिकेच्या बांधकाम मंजुरीच्या अटींच्या पत्रातली) ओळखीची अट. ९२ फूट म्हणजे २८.०४ मीटर. सर्व्हे समुद्रसपाटीपासून केलेला असेल तर हे दोन आकडे थेट ताडता येत नाहीत. फरक सर्व्हेयरकडून लेखी घ्यावा.

खोदाई-भरणीच्या तक्त्यावर भरवसा ठेवण्याआधी साधा हिशेब करावा. २००० चौरस मीटरवर सरासरी १० सेंटिमीटरची चूक म्हणजे २०० घनमीटर. सुटलेल्या मुरमाचा फुगवटा २५ टक्के धरला तर २५० घनमीटर, आणि १० घनमीटरच्या डंपरच्या २५ फेऱ्या. त्यासाठी मॉडेलमधून दर ५ मीटरवर छेद काढून सर्व्हेच्या मूळ स्पॉट लेव्हलशी ताडायचे. ज्या लेव्हल मॉडेलमध्ये घातलेल्या नाहीत, त्यांच्याशीच. फरक १० सेंटिमीटरच्या वर दिसला की तिथे बिंदू वाढवायचे आणि तोच छेद पुन्हा काढायचा.