गाठ साधी निघाली, आता रोजच्या दुखण्याचं काय?

स्तनांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की आधी शेवटची ओळ वाचतो ना आपण, मी पण तेच केलं. 'बिनाइन', म्हणजे कॅन्सर नाही, असं दिसलं आणि जीव भांड्यात पडला. फायब्रोसिस्टिक चेंजेस (म्हणजे स्तन गाठाळ होणं), दोन-तीन लहान सिस्ट, म्हणजे पाण्याच्या गाठी. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवल्या पण होत्या, करड्या रंगात काळेकुट्ट गोल ठिपके, कडा एकदम स्वच्छ. काळं दिसतंय म्हणजे आत पाणी आहे आणि कडा गुळगुळीत आहेत हे चांगलं लक्षण, असं त्या म्हणाल्या. साध्या सिस्टमुळे कॅन्सरचा धोका वाढत नाही. पूर्वी याला 'फायब्रोसिस्टिक डिसीज' म्हणायचे, पण निम्म्याहून जास्त बायकांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं, मग आजार कसला, म्हणून आता नुसतं 'चेंजेस' म्हणतात.

सगळं छान, पण दुखायचं थोडंच थांबतं! पाळीच्या आधीचा आठवडा-दहा दिवस दोन्ही बाजूंना जडपणा, काखेच्या बाजूला ठणका, पालथं झोपता येत नाही, जिना उतरताना हात आपोआप छातीशी जातो. मग सुरू होतं काय खाऊ काय नको. कुणी सांगतं कॉफी बंद कर, कुणी मीठ, कुणी दूध, कुणाला अमुक कॅप्सूलने महिन्याभरात आराम पडलेला असतो.

आता यातली गोम सांगते. हे दुखणं हार्मोनच्या तालावर चालतं. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनमुळे तिथलं टिश्यू फुगतं, पाणी धरतं, आणि पाळी आली की आपोआप उतरतं. म्हणजे दुखणं टिपेला असताना तुम्ही वैतागून काहीही सुरू करा, आठवड्याभरात बरं वाटणारच आहे! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. म्हणून 'मला फरक पडला' वाल्या सल्ल्यांवर माझा फारसा विश्वास नाही, सांगणारी खोटं बोलत नसते पण श्रेय भलत्यालाच जातं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, डायरी. मी फोनच्या कॅलेंडरमध्ये रोज रात्री शून्य ते दहा असा एक आकडा टाकते आणि पाळीच्या दिवसावर खूण करते, बस. आधी दोन-तीन पाळ्या काहीही न बदलता नुसतं लिहायचं, मग एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा तेवढंच लिहायचं. कॉफी, मीठ, कॅप्सूल सगळं एकदम सुरू केलं तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. आणि ही डायरी डॉक्टरांनाही उपयोगी पडते, कारण पाळीबरोबर वर-खाली होणारं दुखणं आणि पाळीशी काही संबंध नसलेलं, एकाच जागी सतत दुखणं, यांचा विचार ते वेगवेगळा करतात.

कॉफीचं सांगते कारण सगळ्यात जास्त तेच ऐकू येतं. १९७९ साली अमेरिकेत ओहायोमधल्या जॉन मिंटन नावाच्या सर्जननी छापलं की कॉफी, चहा, चॉकलेट सोडल्यावर बायकांच्या गाठी आणि दुखणं कमी झालं. पण बायका थोड्याच होत्या आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि पुढे नीट तुलना करून अभ्यास झाले त्यात एवढा फायदा काही दिसला नाही. तरी काही जणींना फरक जाणवतो हे खरं, त्यामुळे दोन-तीन पाळ्या सोडून बघायला काही जात नाही (पहिले काही दिवस डोकं दुखेल, एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करा). डायरीत आकडा हलला नाही तर निवांत कप भरून घ्या. माझा नाही हलला.

मिठाचंही तसंच, कमी केलं की सूज उतरते असं सगळे म्हणतात पण भक्कम पुरावा नाही, ब्लडप्रेशरसाठी करायचं तर करा. फॅटचं मात्र थोडं वेगळं आहे. १९८८ मध्ये कॅनडात एक प्रयोग झाला होता, त्यात बायकांनी सहा महिने जेवणातल्या एकूण कॅलरीपैकी १५ टक्केच फॅटमधून घेतल्या आणि पाळीआधीचं दुखणं, सूज खरंच कमी झाली. पण १५ टक्के म्हणजे फारच कडक हो, बाहेरचं खाणं जवळपास बंद, आणि अभ्यासही लहानच होता. मला रोज ते जमणारं नाही, तळलेलं कमी केलं तेवढंच. जवस त्या मानाने सोपं, रोज २५ ग्रॅम जवसाची पूड, त्यावरही कॅनडातच अभ्यास झालाय आणि फायदा दिसलाय. अख्खा जवस नको, दळूनच घ्यायचा, आणि वर पाणी भरपूर प्यायचं नाहीतर पोट कुरकुरतं. माझं सध्या हेच चालू आहे, निकाल यायचाय.

कॅप्सूलवर मी पैसे घालत नाही. इव्हनिंग प्रिमरोझ ऑइल (एका फुलझाडाच्या बियांचं तेल) इतकी वर्षं लिहून दिलं जायचं, पण उपयोग सिद्ध होत नाही म्हणून ब्रिटनमध्ये २००२ साली त्या औषधाचं लायसन्सच काढून घेतलं. व्हिटॅमिन ईचे निकालही धड नाहीत. आणि आयोडीनच्या गोळ्या तर मनाने अजिबात घेऊ नका, थायरॉइड बिघडायचं.

आता गंमत बघा, माझ्या डायरीतला आकडा सगळ्यात जास्त कशाने उतरला तर ब्राने! आपण एकदा कधीतरी मापं घेतो आणि वर्षानुवर्षं तोच नंबर मागतो. पण पाळीच्या आधी साईज वाढतो, तेव्हा माप त्याच दिवसांत घ्या. सगळा भार खालच्या पट्ट्यावर यायला हवा, खांद्यावर नाही. संध्याकाळी ब्रा काढल्यावर खांद्यावर खोल वळ दिसत असतील तर पट्टा सैल आहे आणि खांद्याचे बंद ओढून तुम्ही भागवताय. हात वर केल्यावर मागचा पट्टा वर सरकायला नको, आणि खाली दोन बोटं जेमतेम जायला हवीत. व्यायामाला स्पोर्ट्स ब्रा हवीच, आणि फार ठणकतं त्या रात्री मऊ, बिनतारेची ब्रा घालून झोपले तरी चालतं. ब्रामुळे कॅन्सर होतो वगैरे फॉरवर्ड येतात त्यात काही तथ्य नाही. जास्तच दुखलं तर डॉक्टरांना विचारून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल वरून लावायचं, ते खरंच काम करतं.

चालणं, वजन आटोक्यात ठेवणं, दारू कमी करणं, हे या दुखण्याला किती लागू पडतं माहीत नाही पण ब्रेस्ट कॅन्सरचा धोका कमी करायला नक्की लागू पडतं, तेव्हा करायचंच.

आणि हे सगळं तपासणी झाल्यावरचं बरं का. आधीच गाठी आहेत म्हणून नवीन गाठ 'त्यातलीच असेल' असं धरायचं नाही. पाळी संपून गेली तरी तशीच राहिलेली गाठ, दगडासारखी कडक किंवा जागची न हलणारी, एकाच निपलमधून आपोआप येणारं पाणी किंवा रक्त, निपल नव्याने आत ओढलं जाणं, कातडीला खळगा पडणं, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर डायरी-बियरी बाजूला ठेवून लगेच दाखवा. बायोप्सी झाली असेल आणि त्यात 'अटिपिकल' (पेशी नेहमीसारख्या दिसत नाहीत) असा शब्द असेल तर तेही वेगळं प्रकरण, त्यात पुढचा धोका वाढतो, तेव्हा फॉलोअप चुकवू नका. घरी स्वतः हात लावून बघायचं तर पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी, पाळीच्या आधी सगळंच गाठाळ लागतं आणि उगाच धडकी भरते.