ए३८०: आपल्याला आवडलं, एअरलाईनला परवडलं नाही

या वेळी घरी यायचं तिकीट काढताना समोर दोन पर्याय होते. एक डायरेक्ट, दोन इंजिनांचं विमान, रात्री बसायचं आणि उठल्यावर उतरायचं. दुसरा मध्ये थांबा घेऊन, पण त्यातला मोठा टप्पा ए३८० चा, म्हणजे एअरबस कंपनीच्या त्या चार इंजिनांच्या दुमजली विमानाचा. तासभर दोन्ही उघडं ठेवून बसले आणि शेवटी डायरेक्टचं काढलं. तेव्हापासून मनाला टोचणी लागलीय, कारण इतकी वर्षं बाहेर राहून ये-जा करताना ज्या एका विमानाचा मला लळा लागला ते हेच, आणि ते बनवणं का बंद पडलं याचं निम्मं उत्तर माझ्या त्या तिकिटात आहे.

आधी आवडतं का ते सांगते. आई पहिल्यांदा आमच्याकडे राहून परत निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर होते आणि नशिबाने वरच्या मजल्यावर, इकॉनॉमीतच, दोघींना खिडकीच्या बाजूच्या दोन सीट मिळाल्या. वरच्या मजल्यावर रांग दोन-चार-दोनची असते, खाली तीन-चार-तीन. शिवाय वर विमानाची भिंत आत वळलेली असल्यामुळे खिडकी आणि सीट यांच्यामध्ये एक लांबट झाकणाची पेटी असते, आईने त्यात पर्स, चष्मा, औषधांची पिशवी, शाल सगळं नीट लावून ठेवलं, जसं काही घरातलंच कपाट. समोरच्या स्क्रीनवर शेपटीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं होतं, अख्खं विमान वरून दिसत होतं आणि पुढे धावपट्टीचे दिवे. विमान धावलं, चाकं उचलली, गावातले दिवे बारीक झाले आणि आई मला विचारते, "अगं, निघालो का आपण?" मला तो क्षण अजून तसाच्या तसा आठवतो. सुमारे पावणेसहाशे टनांपर्यंत वजन घेऊन उडणारं विमान जमीन सोडतं आणि शेजारच्या बाईला कळत नाही! एमिरेट्सच्या वैमानिकांची तर सुरुवातीला तक्रार होती की हे विमान इतकं शांत आहे की विश्रांतीच्या जागेत पडलं की प्रवाशांचेच आवाज ऐकू येतात आणि झोप लागत नाही.

आता मला जे हळूहळू वाचत वाचत उमगलं ते हे की आपल्याला त्यात जे जे आवडतं ना, जवळजवळ तेच सगळं त्याच्या मालकांना महाग पडलं.

आवाजाचंच घ्या. लंडनच्या हीथ्रोवर रात्रीच्या विमानांच्या आवाजावर कडक मर्यादा आहेत आणि ए३८० घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांना त्या मर्यादेत बसणारं विमान हवं होतं. म्हणून इंजिनाचा पुढचा पंखा मोठा केला गेला, आवाज खाली आला, पण इंजिन जड झालं आणि इंधन थोडं जास्त जायला लागलं. रोज दहा-बारा तास उडणाऱ्या विमानात 'थोडं जास्त' म्हणजे वर्षाअखेरीस किती होत असेल, विचार करा.

विमानाच्या पंखांचंही तेच. विमानतळांवर मोठ्यात मोठ्या विमानासाठी ८० मीटर लांब, ८० मीटर रुंद अशी चौकट मानलेली आहे, त्यात बसावं म्हणून पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी ७९.७५ मीटरवर थांबवली. एरवी लांब सडपातळ पंख इंधन वाचवतो, पण इथे लांबीला बंदी, त्यामुळे पंख लांब होण्याऐवजी रुंद आणि जाड झाला. त्यात तो पंख पुढे येणाऱ्या आणखी लांब ए३८० चं वजनही पेलेल असा डोळ्यासमोर ठेवून केलेला. ते लांब विमान कधी आलंच नाही. म्हणजे जे विमान बनलं ते आपल्या थोरल्या भावाचे पंख अंगावर घेऊन आयुष्यभर उडत राहिलं. उतरताना ते इतकं सावकाश, तरंगत आल्यासारखं वाटतं ना, त्यात या भल्यामोठ्या पंखांचा वाटा आहे.

आणि ऐसपैस जागा. सुरक्षेच्या नियमानुसार या विमानात ८५३ प्रवासी बसू शकतात. २००६ च्या मार्चमध्ये हॅम्बुर्गला त्याची चाचणी झाली होती, अंधारात, अर्धे दरवाजे बंद ठेवून ८५३ प्रवासी आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर पडले (हे वाचून मी थक्क झाले होते, आपल्याला वरचं सामान काढायलाच पाच मिनिटं लागतात). पण ८५३ सीट कुठल्याच एअरलाईनने बसवल्या नाहीत, बहुतेकांनी पाचशेच्या आसपास, एमिरेट्सच्या दाट सीटच्या विमानांत ६१५. उरलेल्या जागेत जिने, बार, पहिल्या वर्गातल्यांसाठी शॉवर. नंतर एअरबसने खालच्या मजल्यावर तीन-पाच-तीन अशी अकरा सीटची रांग सुचवून बघितली, तीही कोणी घेतली नाही. म्हणजे आपण कोपर न लागता बसायचो ती जागा विकता आली असती पण विकली गेली नाही, आणि विमानाचं रिकामं वजनच पावणेतीनशे टनांच्या घरात, ते उचलायला चार इंजिनं.

चार इंजिनं हाच खरा गाभा आहे. पूर्वी समुद्रावरून लांब जायचं तर तीन-चार इंजिनं लागायचीच, कारण दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून फार लांब जायची परवानगी नव्हती. १९८५ पासून ती मर्यादा सैल होत गेली, आधी दोन तासांच्या उड्डाणाइतकं अंतर, मग तीन तासांचं, इंजिनं भरवशाची झाली तसतशी आणखी. बोइंगच्या जुन्या ७४७ बद्दल आपण म्हणतो की ते मोठं होतं म्हणून खपलं, पण कितीतरी एअरलाईन्सनी ते लांब जातं म्हणून घेतलं होतं, आकार त्याच्यासोबत आपोआप आला. मग २००४ मध्ये बोइंगचं ७७७-३००ईआर आलं, दोनच इंजिनांत तेवढंच लांब आणि भरपूर माणसं घेऊन. ते आलं आणि 'मोठं विमान कशाला' या प्रश्नाला उत्तर उरलं नाही. ए३८० चं पहिलं उड्डाण फ्रान्समध्ये तुलूजला, जिथे एअरबस ते जोडायचं, झालं ते त्यानंतर, २७ एप्रिल २००५ ला.

म्हणजे उशीरच झाला होता, आणि त्यात आणखी उशीर. प्रत्येक विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर, आणि हॅम्बुर्गमधले आणि तुलूजमधले इंजिनिअर डिझाईनच्या एकाच सॉफ्टवेअरची वेगवेगळी व्हर्जन वापरत होते. हॅम्बुर्गहून तयार होऊन आलेल्या वायर तुलूजला जोडायला घेतल्या तर आखूड पडायला लागल्या. जवळजवळ दोन वर्षं गेली त्यात. मालवाहू ए३८० च्या ऑर्डरी फेडएक्स आणि यूपीएसने रद्द केल्या आणि ते विमान बनलंच नाही. पहिलं विमान सिंगापूर एअरलाईन्सला ऑक्टोबर २००७ मध्ये मिळालं आणि लगेच पुढच्या वर्षी जगभर मंदी.

एअरबसचा हिशोब असा होता की जगातले मोठे विमानतळ भरून गेलेत, मग एकेका उड्डाणात जास्त माणसं न्यायला लागणार, वीस वर्षांत अशी मोठी विमानं १,२०० च्या आसपास खपतील. झाली किती? २५१. त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सची. अमेरिकेतल्या एकाही प्रवासी एअरलाईनने ते घेतलं नाही. आणि गर्दीच्या विमानतळावर जागा वाचवायला आणलेलं हे विमान मागे हवेत इतके मोठे भोवरे सोडतं की मागून येणाऱ्या विमानाला नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावं लागतं, रेडिओवर त्याच्या नावापुढे 'सुपर' म्हणायची पद्धत त्यासाठीच आहे. वाचलेल्या जागेतली थोडी तिथेच परत गेली.

पण खरी अडचण भरण्याची. सुट्टीच्या दिवसांत पाचशे सीट भरतात हो, एरवी मंगळवारी दुपारी कोण भरणार? अर्ध्या रिकाम्या विमानाला इंधन काही अर्धं लागत नाही. त्यापेक्षा अडीच-तीनशे सीटची दोन विमानं, एक सकाळी एक रात्री, हे सोपं पडतं, कामासाठी जाणाऱ्याला वेळ निवडता येते, गर्दी नसली तर एक कमी करता येतं. आणि ७८७ किंवा ए३५० सारखं दोन इंजिनांचं विमान तुम्हाला थेट तुमच्या शहरात नेतं, मध्ये कुठे उतरवत नाही. माझं तिकीट त्यातलंच.

एअरबसने शेवटी प्रवाशांनाच हाक मारून बघितली. ए३८० चीच उड्डाणं शोधून बुक करता यावीत म्हणून वेबसाइट काढली. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण प्रेम होतंच लोकांचं, खोटं नव्हतं, पण आपण तिकीट काढतो ते वेळ आणि भाडं बघून, विमान कुठलं ते बघणारे किती निघणार? एमिरेट्सला नव्या इंजिनांचं ए३८० हवं होतं, ते करायला कोणी पुढे आलं नाही, मग त्यांनी ३९ विमानांची ऑर्डर कमी केली आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला उत्पादन बंद होणार असं जाहीर झालं. शेवटचं विमान डिसेंबर २०२१ मध्ये गेलं, एमिरेट्सकडेच. सिंगापूर एअरलाईन्सचं ते पहिलं विमान तर दहा वर्षं उडून २०१७ मध्ये परत गेलं, त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही आणि फ्रान्समध्ये तार्बला ते सुटं करून टाकलं. दहा वर्षं म्हणजे अशा विमानाचं ऐन तारुण्य. ७४७ चं नशीब बरं, त्याचं नाक उघडून लांबलचक माल आत सरकवता येतो म्हणून प्रवासी सुटले तरी मालवाहतुकीत ते टिकलं, १,५७४ वं आणि शेवटचं २०२३ च्या जानेवारीत एका मालवाहू कंपनीला मिळालं.

तरी सगळं संपलं नाहीये. कोविडमध्ये सगळ्यांना वाटलं आता ए३८० गेलंच, वाळवंटात नेऊन उभी केली होती, एअर फ्रान्सने तर कायमचं सोडलं. पण गर्दी परत आली, बोइंगचं नवं ७७७एक्स लांबत गेलं, आणि मग कतार, लुफ्तान्सा, एतिहाद यांनी आपापली विमानं बाहेर काढून परत उडवायला घेतली. एमिरेट्स तर आतून नवीन करून घेतंय.

त्यामुळे ज्यांना अजून बसायचंय त्यांनी एवढं करा: तिकीट काढताना उड्डाणाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो तो उघडून बघा, ३८० दिसलं तर सीटचा नकाशा बघा, काही एअरलाईन्स वरच्या मजल्यावरही इकॉनॉमी ठेवतात, मागच्या बाजूला छोटासा भाग असतो, तिथली खिडकी पटकन जाते. पुढच्या वर्षी आई परत येणार आहे. तिला मी विचारलं, डायरेक्ट हवं की तेच मोठं, तर म्हणाली, "ते कपाटाचं." तिकीट कालच काढलंय, वरचा मजला, खिडकी.