स्पिटफायरमध्ये जिप्सीचा आवाज

क्लच दाबला की इंजिनची पुली पुढे सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसायची. ट्रायम्फ स्पिटफायर ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार सांभाळणाऱ्या कुणालाही एवढं सांगा, तो कपाळाला हात लावेल. क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजून ऑइलमध्ये पडले होते आणि क्रँकने ब्लॉक खाल्ला होता. गाडी 1974ची, इंजिन 1493 सीसीचं. इथे कॅलिफोर्नियात, सॅन होजेत दुरुस्तीचा आकडा ऐकला आणि ठरवलं, आता दुसरंच इंजिन.

‘व्ही-एट टाक’ म्हणणारे चिक्कार भेटले. मला रोज ऑफिसला न्यायची गाडी हवी होती आणि जुनं इंजिन गॅलनला 24 मैलांच्या वर जात नव्हतं. शेवटी गंजून चाळण झालेली एक सुझुकी सामुराई मिळाली. इंजिन 1324 सीसी, ब्लॉक ॲल्युमिनियमचा, गिअर पाच. ताकद 63 अश्वशक्ती. अमेरिकेत विकलेल्या माझ्या स्पिटफायरची मुळात होतीच 57, तेव्हा गमावण्यासारखं काही नव्हतं. कॅलिफोर्नियात 1975पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग तपासणी, म्हणजे धुराची चाचणी, नाही, हेही पथ्यावर पडलं.

सामुराई फोर बाय फोर खरी, पण पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मागे सुटा असतो. तो काढला की गिअरबॉक्सला थेट मागच्या डिफ्रन्शियलचा (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचा) शाफ्ट जोडता येतो. माझा जीव या इंजिनावर जडला तो यामुळेच.

स्पिटफायरचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, चाकावर बसून काम करा. जुनं इंजिन एका शनिवारात निघालं. नवीन बसायला चार महिने लागले. इंजिन ज्यांवर बसतं ते फाउंडेशन आधी पुठ्ठ्याचे कापले, मग पत्र्याचे. स्टीअरिंग रॅक आणि इंजिनखालची ऑइलची टाकी (संप) यांच्यात जेमतेम बोटभर जागा उरली.

चूक केली ती पुढे. इंजिनला उतार किती द्यायचा हे मी नजरेनंच ठरवलं. ताशी 45 मैलांच्या पुढे सीट थरथरायची, आरशात काही दिसायचं नाही. शाफ्ट बॅलन्स करून आणला, तरी तेच. मग अँगल मोजला. गिअरबॉक्सचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आणि डिफ्रन्शियलचा फ्लँज समांतर हवेत, माझ्याकडे 4 अंशांचा फरक! स्पिटफायरचं डिफ्रन्शियल चासीलाच बोल्ट केलेलं, ते हलणार नाही. गिअरबॉक्सच्या माउंटखाली लोखंडी पट्ट्या सरकवत गेलो आणि तिसऱ्या पट्टीला थरथर गेली.

टेस्टिंगच्या वेळी कोल्हापूरच्या मामाला व्हिडिओ कॉल लावला होता. त्याचं अर्धं आयुष्य जीप आणि मारुती जिप्सी खोलण्यात गेलंय. फोन इंजिनाजवळ धरला, तर तो क्षणात म्हणाला, “अरं, हा तर जिप्सीचा आवाज! टॅपेट वाजतायत, आधी ते मार.” बरोबरच होतं, जिप्सीही मुळात सुझुकीच, दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली. टॅपेट मारले, म्हणजे व्हॉल्व्हची फट नीट लावली, आवाज बसला.

सगळं झाल्यावर लक्षात आलं, सामुराईची स्पीडोमीटर केबल ट्रान्सफर केसमधून निघते. तो तर मी भंगारात दिला होता. मायलेजसाठी एवढा खटाटोप, आणि मैल मोजायला काटाच नाही! आता फोनवर जीपीएस लावतो, टाकी काठोकाठ भरतो आणि वहीत लिहितो. पहिल्या तीन टाक्यांची सरासरी गॅलनला 38 मैल, म्हणजे लिटरला 16 किलोमीटर. मामाला आनंदाने कळवलं.

“जिप्सी एवढं कधी देत नाही,” तो म्हणाला. “परत मोज.”