टपावरची शीळ

घाट संपतो, गाडी सपाटीला लागते, काटा ८० वर जातो आणि डोक्यावर घूं सुरू होतं. एक जण टायरला दोष देतो, दुसरा काच वर-खाली करून बघतो. टपावरच्या कॅरिअरचा संशय कुणाला येत नाही, कारण ते रिकामं असतं. पण रिकामं असतं म्हणूनच तर गातं.

कॅरिअरच्या आडव्या नळीवरून वारा गेला की मागे आळीपाळीने भोवरे सुटतात, एक वरून, एक खालून. चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्राउहाल यांनी १८७८ मध्ये तारांवर प्रयोग करून दाखवलं की हा सूर वाऱ्याचा वेग आणि तारेची जाडी यांवर ठरतो, ताणावर नाही. वेगाला जाडीने भागून पाचवा हिस्सा घ्यायचा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. नळी ३० मिलिमीटरची आणि गोल असेल तर सुमारे १५० हर्ट्झ. चौकोनी नळीचा आकडा कमी येतो, त्रास नाही. लहानपणी टेलिफोनच्या खांबाला कान लावून आपण जी गुणगुण ऐकली, आणि लांबच्या गावचं बोलणं समजून दुसऱ्यांनाही ऐकवली, ती हीच. तार बारीक, म्हणून सूर उंच.

उपाय दोरीचा. ६ ते ८ मिलिमीटरची नायलॉनची दोरी नळीभोवती मळसूत्री गुंडाळायची, दर वेढ्यात दहा-बारा सेंटीमीटर अंतर ठेवून. मीटरभर नळीला दोन मीटर दोरी पुरते. टोकं प्लास्टिकच्या टायने आवळायची. ओलं नायलॉन सैल पडतं, म्हणून पहिल्या पावसानंतर पुन्हा ताणायचं. भोवरे मग नळीभर एका तालात सुटत नाहीत. पोलादी धुराड्यांच्या वरच्या भागावर फिरत गेलेल्या पट्ट्या असतात, त्या याचसाठी. हौसेने वेढ्याला वेढा चिकटवू नका: नळी नुसती जाड होते आणि घूं खालच्या पट्टीत चालू राहतं.

शीळ वेगळी. ती नळीवरच्या उघड्या खाचेतून किंवा टोपण पडलेल्या टोकातून येते. मास्किंग टेपने एकेक भोक बुजवून त्याच रस्त्याने, त्याच वेगाने जाऊन बघा, चोर सापडतो. पंखाच्या आकाराची नळी असेल तर तिचं गोल नाक पुढे आहे ना, तेही बघा; उलटी बसवलेली बरीच दिसतात. खाचेतली रबरी पट्टी सामानाच्या अडकणीपाशी कापून दोन्ही बाजूंनी परत भरायची, काढून डिकीत टाकायची नाही. सामानावरचा सपाट पट्टा फडफडत असेल तर बांधतानाच त्याला एक-दोन पीळ द्यायचे.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॅरिअर उतरवून ठेवणं. पण दिवाळीला गावी जाताना लागेल, म्हणून ते वर्षभर टपावरच.

टकटक ऐकू आली तर मात्र दोरी-टेप राहू द्या. ती वाऱ्याची नसते, सैल बोल्टची असते. गाडी बाजूला घ्या, नळी हाताने हलवून बघा, कॅरिअरचे चारही पाय आवळा, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मागे दुचाकीवाला असतो.